कुऱ्हाडीचा दांडा

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी म्हण मराठीत आहे. नुसत्या लोखंडी पात्याला झाड भीत नाही. झाडाचीच एखादी फांदी त्या पात्याला जाऊन मिळते तेव्हा रानाचा काळ ओढवतो, असा तिचा आशय. घरभेद्याला उद्देशून ती सर्रास वापरली जाते. बावड्याच्या पेठेत लोखंडी सामानाचे दुकान चालवलेल्या एका वृद्ध जैन व्यापाऱ्याच्या तोंडी मात्र ती कधी आली नाही. त्यांच्या दुकानात कुऱ्हाडीची पाती एका फळीवर आणि बाभळीचे दांडे दाराआड, अशी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असत. या दोहोंची गाठ कुणासाठी आणि केव्हा घालून द्यायची, हा त्यांच्या दृष्टीने म्हणीचा नव्हे तर व्रताचा प्रश्न होता. त्या प्रश्नामागची हकिकत त्यांनी चाळीस वर्षे घरात कुणालाही सांगितली नाही. ती सांगितली गेली सातासमुद्रापलीकडे, टोरांटो शहरातील एका खेळघरात, आणि तीही ऐन सुटीत.

बावडा हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील, इंदापूरहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने सराटीकडे जाते आणि नीरा ओलांडून अकलूजला पोहोचते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचे रूप पालटले. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी याच तालुक्यात साखर कारखाना उभारला आणि त्यांच्या नावाचे वालचंदनगर वसले. पुढे सहकारी कारखाने आले. ऊस वाढला तशी खुरपी, विळे, टिकाव, फावडी, घमेली, साखळ्या आणि कोयते यांची मागणी वाढली. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी भागातून ऊसतोड मजूर येतात. त्यांच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. माणसाची मोजदाद जिथे अवजाराच्या नावाने होते, तिथे अवजारे विकणाऱ्याच्या गल्ल्याला हंगामात उसंत नसावी, हे ओघानेच आले.

घरात आणि गावात ‘अण्णा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यापाऱ्याच्या दुकानात मात्र एक विचित्र नेम होता. दिवेलागण झाली की धारेची वस्तू विकायची नाही. खिळे घ्या, तार घ्या, कुलूप घ्या; पण कोयता, कुऱ्हाड, सुरा यांतले काहीही मागितले तर उत्तर ठरलेले असे : “सकाळी या.” तोडकऱ्यांना दिवसभर फडातून सवड मिळत नसे; ते बाजाराला येत ते अंधार पडतानाच. म्हणजे ऐन हंगामात ऐन वेळचे गिऱ्हाईक अण्णा स्वतःच्या तोंडाने परतवत आणि ते चार दुकाने सोडून पुढे जाई. धाकट्या वयात दुकानात बसणाऱ्या त्यांच्या मुलाला हे पाहून संताप येत असे. ही अंधश्रद्धा आहे, असे त्याचे मत झाले. एकदा त्याने रोजमेळ काढून एका हंगामात किती विक्री हातची गेली याचा हिशेब मांडून दाखवला. अण्णांनी तो शांतपणे वाचला, एका बेरजेतील चूक दाखवली आणि वही मिटली. नेम बदलला नाही. मुलगा शिकला, परदेशी गेला. दुकान पुढे पुतण्याने सांभाळले. गाव सोडण्याची कारणे अनेक असतात, पण त्या मिटलेल्या वहीचा त्यांत वाटा होता, हे बापलेक दोघेही जाणून होते आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवले नव्हते.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा आणि त्यांच्या सौभाग्यवती प्रथमच मुलाकडे टोरांटोला गेले. चातुर्मासाच्या आत परतायचे म्हणून जून महिना निवडला होता. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या त्या दोघांना तिथला उन्हाळा फार मानवला. कारण जूनमध्ये त्या शहरात सूर्य मावळतो तो रात्री नऊच्या सुमारास. संध्याकाळ संपता संपत नाही. अशाच एका लांबलेल्या संध्याकाळी सोळा वर्षांच्या नातीने हट्ट धरला. तिच्या मैत्रिणी जाऊन आल्या होत्या, तिला जायचे होते आणि आजोबांनाही न्यायचे होते. कुठे, असे आजीने विचारले. “कुऱ्हाड फेकायला,” असे उत्तर आले.

आजीला वाटले, नातीचे मराठी चुकले. ते चुकले नव्हते. लाकडाच्या फळीवर वर्तुळे रंगवायची आणि ठरावीक अंतरावरून छोटी कुऱ्हाड अशी फेकायची की ती फळीत रुतून बसावी, हा खेळ तिथे आता चांगलाच रुळला आहे. लाकूडतोड्यांच्या जत्रांतून तो पूर्वीपासून होताच. पण शहरी माणसाचा करमणुकीचा खेळ म्हणून त्याची सुरुवात टोरांटोतच झाली. २००६ साली मॅट विल्सन नावाच्या तरुणाने आपल्या घराच्या परसात मित्रांना जमवून कुऱ्हाडफेकीचे सामने सुरू केले. परसातली ही मंडळी पुढे बंदिस्त जागेत गेली, नियम ठरले, २०१६ मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि २०१७ मध्ये दुसरी एक जागतिक साखळी स्थापन झाली. महासंघाच्या पद्धतीत एका फेरीत पाच फेकी असतात. मधल्या वर्तुळाला पाच गुण, त्याबाहेरच्या कड्याला तीन आणि सर्वांत बाहेरच्याला एक. वरच्या बाजूला दोन छोटे हिरवे ठिपके असतात. त्यांना सात गुण, पण ते केवळ शेवटच्या फेकीत आणि आधी सांगून टिपायचे.

आजी हे ऐकून गप्प राहिल्या नाहीत. “अहो, तुम्ही कुऱ्हाडी विकल्यात ते पोटासाठी. आता खेळ म्हणून हातात धरणार? अनर्थदंड तो हाच की नाही?” असे त्यांनी विचारले. प्रश्न अचूक होता. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाने सोडावयाच्या निष्प्रयोजन पापांचे, म्हणजे अनर्थदंडाचे, पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. त्यांतील हिंसादान म्हणजे जीव घेण्याची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. त्या साधनांची जी यादी ग्रंथात येते तिच्यात तलवार आहे, कुदळ आहे, अग्नी आहे, साखळी आहे. पण अगदी पहिला शब्द आहे परशू. म्हणजे कुऱ्हाडच. रोज सकाळी स्वाध्याय करणाऱ्या अण्णांनी ती यादी आयुष्यात कितीदा वाचली असेल याची गणती नाही. त्यांच्या दुकानाच्या फळीवर जे होते, त्याचीच ती यादी होती.

तरीही ते नातीबरोबर निघाले. “पाहायला हरकत नाही,” एवढेच ते म्हणाले. आजींनी डब्यात खाकरे आणि दशम्या घेतल्या आणि त्याही मागून गाडीत बसल्या.

खेळघर म्हणजे एका जुन्या गोदामाचा भाग होता. तारेच्या जाळीने अलग केलेल्या गल्ल्या, प्रत्येक गल्लीच्या टोकाला उभ्या फळ्यांची भिंत आणि सर्वत्र ओल्या लाकडाचा वास. अण्णांना तो वास ओळखीचा वाटला. फळ्यांवर पाणी मारलेले होते. कोरडे लाकूड पाते झिडकारते, ओलसर लाकूड ते धरून ठेवते, हे त्यांना कुणी समजावून द्यावे लागले नाही. फळ्या उभ्या का लावल्या आहेत हेही त्यांच्या लगेच ध्यानात आले : पाते उभे येते, तेव्हा ते उभ्या तंतूंच्या मधे शिरते, आडव्या फळीवर ते तंतू तोडू पाहील आणि उसळेल.

शिकवणारा तरुण होता. त्याने आधी नियम सांगितले. पायात बंद बूट हवेत. कुऱ्हाड एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. पहिल्याने ती ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. शेजारच्या दोन फळ्यांवर दोघांनी बरोबरच फेकायचे आणि दोघांच्या कुऱ्हाडी थांबल्यावर बरोबरच काढायला जायचे. नातीने हे नियम भाषांतर करून सांगितले तेव्हा अण्णा आजींकडे पाहून म्हणाले, “एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. ऐकलंत?”

मग फेकण्याची रीत. साधारण बारा फुटांवर उभे राहायचे. दोन्ही हातांनी दांडा धरून कुऱ्हाड डोक्यामागे न्यायची, अंग किंचित पुढे झुकवत हात सरळ आणायचे आणि पाते डोळ्यांच्या रेषेत आले की मूठ उघडायची. मनगटाला झटका द्यायचा नाही. कुऱ्हाडीचे बहुतेक वजन पात्यात असते. म्हणून हवेत पाते जवळजवळ सरळ वाटेने जाते आणि दांडा त्याच्याभोवती एक फेर घेतो. बारा फुटांत तो फेर बरोबर पुरा होतो आणि धार पुढे येते. फेर अपुरा राहिला किंवा जास्त झाला तर पात्याऐवजी दांडा आदळतो. त्यावर उपाय जोर लावणे हा नव्हे; अर्धे पाऊल पुढे किंवा मागे सरणे हा आहे.

नातीच्या पहिल्या चार फेकी खाली पडल्या. लोखंड काँक्रीटवर आपटल्याचा आवाज आजींना दर वेळी दचकवत होता. शेजारच्या गल्लीत चार तरुण होते. त्यांनी कुणाचा तरी छापील फोटो फळीवर टाचणीने लावला होता आणि प्रत्येक फेकीला ते जल्लोष करत होते. ते पाहून नातीला युक्ती सुचली. हसत ती म्हणाली, “मी असं समजू का की ते आमचे गणिताचे सर आहेत? मग नक्की लागेल.”

“नको,” अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण नात थांबली. “फळीला फळीच राहू दे.”

मग बाकावर बसून त्यांनी तिला यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकात, म्हणजे शके ८८१ किंवा इ. स. ९५९ मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रंथात ती आहे. पाठशाळेत गेलेल्या प्रत्येक जैन मुलाने ती ऐकलेली असते. राजा आईला एक दुःस्वप्न सांगतो. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होत नाही, तेव्हा आई मधला मार्ग काढते : पिठाचा कोंबडा कर आणि तोच काप. राजा कापतो. पिठात जीव नसतो, रक्त सांडत नाही. तरी कापताना मनात कोंबडा होता, म्हणून ती संकल्पी हिंसा ठरली आणि मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म काढावे लागले. “लाकडाला मारलंस तर ते लाकूड,” अण्णा म्हणाले. “सरांना मारलंस, तर फळी मध्ये आली एवढंच.”

गृहस्थाच्या आयुष्यातील हिंसेचे चार प्रकार शास्त्राने केले आहेत : स्वयंपाकपाण्यात घडते ती आरंभी, शेतीव्यापारात घडते ती उद्योगी, स्वसंरक्षणात घडते ती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्ही टाळता येतील तेवढ्या टाळाव्यात. चौथी मात्र श्रावकाने पूर्ण सोडावी, अशी ही मांडणी आहे. जैन मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र असते तेही हेच सांगते. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले. एक झाड बुंध्यापासून तोडायला कुऱ्हाड उगारतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ फळे तोडू पाहतो आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच. भेद असतो तो अंतरंगातील भावाचा.

नात उठली आणि पुन्हा उभी राहिली. दरम्यान अण्णांनी ठोकळ्यावर ठेवलेली कुऱ्हाड सहज उचलली. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी पाते डाव्या हातात घेतले, दांड्याचे टोक हलकेच जमिनीवर आपटले आणि कान दिला. मग नेढ्याजवळ अंगठा ठेवून पाते हलवून पाहिले. पाचर सैल झाली होती. डोळ्यांना दिसणार नाही एवढाच फरक होता, पण आणखी दहा-वीस फेकींत पाते दांड्यातून निसटले असते; आणि निसटलेले पाते कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. त्यांनी ती नातीला घेऊ दिली नाही. शिकवणाऱ्याला बोलावून दाखवले. त्यानेही आपटून पाहिले, मान डोलावली, ती कुऱ्हाड बाजूला काढली आणि दुसरी आणून दिली. या गृहस्थांना हे कसे कळले, असे त्याने कौतुकाने विचारले. “आजोबांनी आयुष्यभर कुऱ्हाडी विकल्या,” असे नातीने अभिमानाने सांगितले. आणि मग, बोलण्याच्या ओघात, तिने अण्णांना तो प्रश्न विचारला, जो चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

“पण आजोबा, तुम्ही विकलेल्या कुऱ्हाडीनं लोक पुढे काय करायचे, हे तुम्हाला माहीत असायचं?”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मुलालाही जवळ बसायला सांगितले.

थंडीचे दिवस होते. दुकान बंद करण्याची वेळ झाली होती. आत आलेला शेतकरी ओळखीचा होता. बांधावरून त्याचे आणि त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचे वितुष्ट आले होते, हे गावाला ठाऊक होते. त्याने कुऱ्हाड मागितली. अण्णांनी तीन पाती पुढे ठेवली. त्याने पाहिले नाही. अंगठ्याने धार चाचपली नाही. किंमत सांगितली, त्याने घासाघीस केली नाही. पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाला, “दांडा बसवून द्या शेठ. आत्ता.” जे गिऱ्हाईक धार पाहत नाही आणि किंमत पाडत नाही, त्याचे लक्ष वस्तूवर नसते. व्यापाऱ्याला हे कळायला शास्त्र लागत नाही.

“दांडे संपलेत,” अण्णा म्हणाले. “परवा या.”

दांड्यांचा भारा दाराआड उभा होता. त्या माणसाची नजर तिकडे गेली की नाही, हे कंदिलाच्या उजेडात कळले नाही. त्याने पैसे उचलले आणि तो गेला. अण्णांना रात्रभर झोप लागली नाही. अकलूज लांब नव्हते. घरोघरी जुन्या कुऱ्हाडी होत्याच. सकाळी कानावर काही येते का याची वाट पाहत ते ओट्यावर बसून राहिले. काही आले नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर तो माणूस परत आला. पाते उचलून त्याने अंगठ्याने धार पाहिली, एक नापसंत केले, दुसरे घेतले आणि आठ आण्यांसाठी पाव तास हुज्जत घातली. अण्णांनी भाऱ्यातून दांडा काढून बसवला, पाचर ठोकली. पैसे देताना तो हळूच म्हणाला, “शेठ, हा भारा परवा रातच्यालाबी हितंच हुता न्हवं?”

अण्णांना उत्तर देता आले नाही. त्यानेही उत्तराची वाट पाहिली नाही. बांधाचा दावा पुढे कित्येक वर्षे इंदापूरच्या न्यायालयात चालला, दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पण दोघेही म्हातारे होऊन आपापल्या खाटेवर गेले.

“मग तुम्ही चांगलंच केलंत,” नात म्हणाली. “खोटं बोललात, पण चांगल्यासाठी.”

शास्त्रही तेच म्हणते. ज्या सत्याने दुसऱ्यावर संकट ओढवेल ते सत्यही बोलू नये, असे सत्याणुव्रताच्या वर्णनात समंतभद्राचार्यांनीच सांगितले आहे. अण्णांना ते ठाऊक होते. “तेवढ्यानं सुटलो असतो,” ते म्हणाले. “पण त्या रात्री मी जागा होतो तो कुणासाठी? त्या भावांसाठी, की उद्या पोलीस येऊन विचारतील, कुऱ्हाड कुणाच्या दुकानातली, म्हणून? खरं सांगायचं तर दोन्ही होतं. किती काय होतं, ते मला आजही वेगळं काढता येत नाही. आणि दर वेळी गिऱ्हाइकाचं तोंड वाचता येईलच असं नाही. म्हणून ठरवलं, अंधारात कुणालाच धार द्यायची नाही. सगळ्यांना एकच उत्तर. म्हणजे कुणावर संशय नको आणि पुन्हा खोटं नको.”

मुलगा काही बोलला नाही. ज्या नेमाला त्याने अंधश्रद्धा म्हटले होते, तो खोटे न बोलता हात आखडता घेण्याचा एका व्यापाऱ्याने शोधलेला मार्ग होता. त्याची किंमत रोजमेळात होती. ती त्याने स्वतःच बेरीज करून दाखवली होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, “अण्णा, मला तेव्हा सांगायचंत.”

“तेव्हा सांगितलं असतं तर तू मला शहाणा समजला असतास,” अण्णा म्हणाले. “आणि ते अर्धंच खरं झालं असतं.”

शेवटी अण्णांनी फेकली. आजींनी मान वळवली, पण डोळ्यांच्या कडेने पाहत राहिल्या. पहिली फेक दांड्यावर आदळून खाली आली. त्यांनी खांद्यातून जोर लावला होता. सत्तरीतल्या खांद्याने त्याची तक्रारही केली. शिकवणाऱ्या तरुणाने त्यांना अर्धे पाऊल मागे घेतले आणि खुणेने सांगितले : मूठ सोडा, बाकी कुऱ्हाड करील. आयुष्यभर पाते दांड्यात घट्ट बसवण्याचे काम केलेल्या माणसाला मूठ वेळेवर सोडणे जमेना. तिसरी फेकही पडली. चौथी मात्र रुतली, सर्वांत बाहेरच्या कड्यात, एका गुणाला. नातीने टाळ्या पिटल्या. पाचवी फेक त्यांनी घेतली नाही. फळीतून कुऱ्हाड काढताना ती वर-खाली हलवून, तंतू न फाटता कशी काढायची हे त्यांनी नातीला दाखवले आणि ती ठोकळ्यावर ठेवून दिली.

“झाला अनर्थदंड?” आजींनी विचारले.

“प्रायश्चित्त विचारीन महाराजांना,” अण्णा हसून म्हणाले. “पण फळी फळीच होती.”

बाहेर अजून उजेड होता. गाडीत बसून सर्वांनी दशम्या खाल्ल्या.

त्याच वर्षी, ऊसतोडीच्या हंगामात, मुलगा पंधरा दिवसांसाठी बावड्याला आला. एका संध्याकाळी पुतण्या बाहेरगावी होता, म्हणून तो गल्ल्यावर बसला. दिवे लागल्यावर एक जोडपे आले. कोयत्याचे पाते तुटले होते, दुसरा हवा होता. “सकाळी या,” तो म्हणाला. शब्द त्याच्या तोंडून सहज निघून गेले. बाई म्हणाली, “सकाळी कवा, दादा? पाचाला फडात जावं लागतंय. कोयता न्हाई तर खाडा.”

त्याच्याकडे उत्तर नव्हते. नेमामागची हकिकत त्याला आता ठाऊक होती. पण ती या दोघांच्या काय कामाची? त्याने वळून आत पाहिले. अण्णा खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “त्यांना सांग, साडेचारला दुकान उघडतं.”

मुलाला हे नवीन होते. हंगामात अण्णा पहाटे साडेचारला दुकान उघडत आले होते, नेम धरला त्या वर्षापासून. तोडकऱ्यांना ते माहीत होते. म्हणून परतवलेल्यांपैकी बरेच जण पहाटे पुन्हा येत. रोजमेळात तो आकडा दुसऱ्या दिवसाच्या खाती पडे, आणि मुलाने बेरीज मांडली होती ती संध्याकाळच्या गेलेल्या विक्रीची. पहाटेच्या त्या सगळ्या वर्षांत तो वरच्या माडीवर झोपलेला होता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला फळ्या त्यानेच काढल्या. थंडी मी म्हणत होती. जोडपे आधीच ओट्याशी उभे होते. त्याने तीन कोयते पुढे ठेवले. बाईने एकेक उचलून तोलून पाहिला, अंगठा धारेवर आडवा फिरवला, आणि मग किंमत ऐकून म्हणाली, “लई सांगताय, दादा.” अर्धा तास घासाघीस झाली. आत अण्णांचे सामायिक चालले होते.